न बसणारा पाना : अमेरिकेतील हौशी शर्यतपटू आणि विलायती एम.जी.

१/
१९४८-४९ च्या सुमारास लॉस एंजेलिसमधील एखादा तरुण इंग्लंडहून आलेली एम.जी. टी.सी. ही दोन आसनी मोटार हौसेने घरी आणी, तेव्हा पहिल्याच रविवारी त्याला एक गोष्ट कळून चुके. घरातल्या हत्यारपेटीतला एकही पाना हिच्या नटांना धड बसत नाही. एक सैल होतो, त्याच्या खालचा चढतच नाही, आणि बळेच जोर लावला तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. या मोटारीने त्याला शर्यतीत उतरायचे असे. पण त्यासाठी आधी ती उघडता यायला हवी होती.

२/
महायुद्धोत्तर अमेरिकेतील हौशी मोटार-शर्यतींचा इतिहास सहसा विजेत्यांची नावे आणि चषकांची छायाचित्रे यांच्या आधारे सांगितला जातो. या थ्रेडमध्ये तो पान्यांच्या बाजूने मांडला आहे. शर्यत एखाद्या रविवारची, तासा-दीड तासाची. त्या तासासाठी गाडी उभी करण्यात कित्येक रात्री जात. या शर्यतींत कोण टिकले आणि कोण गळाले, याचे उत्तर बरेचसे त्या रात्रींत सापडते.

३/
ही मोटार तिथे पोहोचली कशी? लोकप्रिय कथा अशी की, युद्धकाळात इंग्लंडमध्ये राहिलेले अमेरिकन सैनिक तिच्या प्रेमात पडले आणि परतताना तिला घेऊन आले. कथा गोड आहे, पण कालक्रम तिला फारशी साथ देत नाही. टी.सी.चे उत्पादन सुरू झाले १९४५ च्या शरद ऋतूत, आणि १९४६ अखेर बहुतेक अमेरिकन सैनिक घरी पोहोचलेले होते. सैनिकांनी इंग्लंडमध्ये पाहिल्या त्या युद्धापूर्वीच्या एम.जी. त्यांनी आवड सोबत नेली असेल. मोटारी मात्र मागाहून, विक्रेत्यांमार्फत, जहाजांतून आल्या.

४/
आणि त्या येण्यामागे ब्रिटनची निकड होती. युद्धाने तो देश कर्जबाजारी केला होता. १९४६ मध्ये अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. स्टर्लिंगमधील देणी वेगळीच, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा भारताचा होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. डॉलर मिळवायचे तर माल अमेरिकेत विकणे भाग होते. त्यामुळे जो मोटार कारखाना निर्यात करील त्याला पोलाद मिळेल, असे सरकारी धोरण ठरले. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन होऊन तो ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आला (भारतानेही पाठोपाठ रुपया तेवढ्याच प्रमाणात उतरवला) आणि विलायती मोटारी अमेरिकन गिऱ्हाइकाला आणखी आवाक्यात आल्या.

५/
ॲबिंग्डन येथील एम.जी. कारखान्यात १९४९ पर्यंत सुमारे १० हजार टी.सी. तयार झाल्या. त्यांतील जेमतेम दोन हजार अमेरिकेत गेल्या. एवढ्या मोठ्या देशात दोन हजार म्हणजे दर्यामें खसखस. पण ज्याच्या गल्लीत एक आली, त्याला ती विसरता आली नाही.

गाडीचे स्वरूप तेव्हाच जुनाट होते. १९ इंची, बारीक आऱ्यांची उंच चाके. ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेले पत्र्याचे अंग. चालकाचे आसन उजवीकडे, कारण डावीकडे चाक असलेली टी.सी. कारखान्याने काढलीच नाही. इंजिन १२५० सी.सी.चे, चार सिलिंडरचे, ५४ अश्वशक्तीचे. त्याच सुमाराच्या साध्या फोर्ड व्ही-८ मध्ये १०० अश्वशक्ती होती. सरळ रस्त्यावर कुठलीही घरगुती अमेरिकन मोटार हिला मागे टाकू शकत असे. वळणावर मात्र ती अमेरिकन मोटार गलबतासारखी कलंडे आणि ही रस्ता धरून निघून जाई.

६/
आता पान्याकडे. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे अमेरिकन प्रमाण मांडले, कारण तो कोन कारागिराला कापायला सोपा. तेव्हापासून दोन्ही देशांचे नट-बोल्ट एकमेकांना परके झाले. पान्यांवरील आकड्यांचा अर्थही निराळा. अमेरिकन पान्यावरचा आकडा नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर सांगतो, तर व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. म्हणून अर्धा इंच लिहिलेला विलायती पाना हातात घ्यावा, तर त्याचे तोंड अर्ध्या इंचाहून कितीतरी मोठे निघते.

७/
समजा, त्या तरुणाने विक्रेत्याकडून व्हिटवर्थ पान्यांचा संच मिळवला. पाने नटांना बसू लागले. इंजिनाचा एक बोल्ट तुटला म्हणून त्याने त्याच मापाचा व्हिटवर्थ बोल्ट आणून लावला, आणि तो आत जाईना. कारण टी.सी.च्या इंजिनाचे आटे व्हिटवर्थ नव्हतेच. ते मेट्रिक होते. डोके इंग्रजी, आटे फ्रेंच! या विचित्र संकराची जन्मकथा पहिल्या महायुद्धात आहे.

८/
बेंजामिन हॉचकिस हा मूळचा कनेक्टिकटचा अमेरिकन शस्त्रनिर्माता. एकोणिसाव्या शतकात त्याने फ्रान्समध्ये कारखाना काढला आणि पुढे त्याच्या नावाची कंपनी पॅरिसजवळच्या सें-दनी येथे मशीनगन बनवू लागली. १९१४ मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने सरकले. कारखाना शत्रूच्या हाती पडण्याच्या भीतीतून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे हॉचकिसचा दुसरा कारखाना उभा राहिला. युद्ध संपल्यावर मशीनगनची मागणी आटली, तेव्हा तेथे मॉरिस मोटारींची इंजिने बनू लागली. १९२३ मध्ये विल्यम मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला.

यंत्रे मात्र फ्रेंच मापांची होती. ती बदलण्याचा खर्च कोण करणार? आटे मेट्रिकच राहिले. इंग्रज कारागिराची अडचण होऊ नये म्हणून नट-बोल्टची डोकी तेवढी व्हिटवर्थ मापाची केली. एम.जी. ही मॉरिसच्याच घरातली, त्यामुळे हे वळण टी.सी.च्या इंजिनापर्यंत उतरले. एका अमेरिकन माणसाचा फ्रान्समधील कारखाना, जर्मनांच्या धास्तीने इंग्लंडला जातो आणि तीस-पस्तीस वर्षांनी एका अमेरिकन तरुणाची रविवारची दुपार खातो. औद्योगिक इतिहास वाचणाऱ्याला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

९/
कोपऱ्यावरच्या लोखंडी सामानाच्या दुकानात यातले काहीही मिळत नसे. सुटा भाग हवा तर विक्रेत्याकडे मागणी नोंदवायची आणि जहाजाची वाट पाहायची. दरम्यान गाडी जागेवरच. या अडचणीतूनच नवे धंदे उभे राहिले. अल मॉस या टी.सी.च्या मालकाने १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दुरुस्तीचे छोटे गॅरेज काढले; गिऱ्हाइकांना काम करून घेण्यापेक्षा सुटे भागच अधिक हवे आहेत, हे हळूहळू ध्यानात आले आणि ‘मॉस मोटर्स’ भागांच्या व्यापाराकडे वळली. ज्यांना तेवढीही सोय नव्हती, ते गावातल्या लेथवाल्याला तुटका भाग दाखवून तसाच दुसरा करून घेत.

१०/
ही धडपड ज्या शर्यतींसाठी चालली होती, त्यांचा आरंभ देशाच्या दुसऱ्या टोकाला झाला. फेब्रुवारी १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, बोस्टनमध्ये सात जणांनी ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ची स्थापना केली. जुन्या उत्तम स्पोर्ट्‌स मोटारी भंगारात जाऊ नयेत, एवढाच मूळ हेतू. शर्यती नंतर आल्या. कॅमेरॉन आर्गेटसिंगर हा कायद्याचा विद्यार्थी स्वतः एम.जी. टी.सी. चालवत असे. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या सरोवराकाठच्या गावात, गावाच्याच रस्त्यांवर शर्यत घ्यावी, ही त्याची कल्पना. २ ऑक्टोबर १९४८ रोजी ती झाली. ६.६ मैलांचा मार्ग, त्यात दगडी पूल, कच्च्या रस्त्याचा तुकडा आणि रेल्वेचे फाटक! शर्यतीपुरत्या गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. जिंकला फ्रँक ग्रिसवोल्ड, युद्धापूर्वीच्या अल्फा रोमिओमध्ये.

११/
क्लबचा मुख्य नियम एकच : चालकाला पैसे मिळणार नाहीत. विजेत्याला चषक आणि टाळ्या. ‘हौशी’ हा शब्द मराठी वाचकाला हौशी रंगभूमीमुळे परिचित आहे. तिथेही पदरमोड करून नाटक उभे राहते. फरक असा की, नाटकाचा पडदा पडल्यावर नेपथ्य साठवून ठेवता येते. शर्यतीनंतर गाडीच शिल्लक राहील याची खात्री नसे.

या नियमामागे खेळ निर्मळ ठेवण्याचा आदर्श होता, हे खरे. क्लबचे सदस्य व्हायला आधीच्या सदस्यांची शिफारस लागे, आणि गोल मातीच्या ट्रॅकवर पोटासाठी गाडी हाकणारा कष्टकरी चालक या सभ्य मंडळींना आपल्यात नको होता, हेही तितकेच खरे. बक्षिसावरील बंदीने पैशाला खेळाबाहेर ठेवले नाही. ज्याच्यापाशी तो आधीपासून होता, त्याचीच सोय झाली.

१२/
म्हणून हौशी शर्यतपटूंत दोन जाती दिसतात. एक, फेरारी विकत घेऊन सोबत पगारी मेकॅनिक आणणारा. दुसरा, सोमवारी ज्या गाडीने कामावर जायचे तीच रविवारी शर्यतीत घालणारा. टी.सी. ही बहुतांशी दुसऱ्याची गाडी.

त्याचा आठवडा असा जाई. कामावरून परतल्यावर इंजिन तापवायचे आणि झाकण उघडून टॅपेट तपासायचे, फट ०.०१९ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी, आणि ती गरम इंजिनावरच मोजायची, बोटे भाजली तरी. एस.यू. कंपनीचे दोन कार्बोरेटर एकसारखी हवा ओढतात का, हे रबरी नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे कानाशी धरून ऐकायचे. दोन्ही फुसफुशींचा सूर जुळेपर्यंत स्क्रू पिळायचा. चाकांचे आरे एकेक करून वाजवून पाहायचे. सैल आरा बद्द बोलतो. इंजिनाच्या मागून गळणारे तेल पुसायचे आणि पातळी भरून काढायची, कारण ती गळती या इंजिनाची जन्मखोडच होती. लुकास कंपनीची वीजव्यवस्था हा स्वतंत्र विषय. अमेरिकन मालकांनी पुढे त्या कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी बहाल केली.

शनिवारी रात्री समोरची काच आडवी पाडायची, दिव्यांच्या काचांवर फुटल्यास विखुरू नयेत म्हणून चिकटपट्ट्या लावायच्या, दारावर क्रमांक चिकटवायचा. मग तीच गाडी चालवत शर्यतीला जायचे. परतही तिच्यातूनच यायचे असे, हे लक्षात ठेवून पळावे लागे.

१३/
५४ अश्वशक्तीवर समाधान मानणारे थोडेच. कारखान्यानेच इंजिनाची ताकद टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पुस्तिका काढली होती. पहिला उपाय म्हणजे सिलिंडर हेड खालून घासून पातळ करणे, म्हणजे मिश्रण अधिक दाबले जाते. मूळ दाब सव्वासात पट होता. तो साडेआठ-नऊ पटींवर नेता येई. मूळचा दाब कमी ठेवण्यामागेही इतिहास आहे. युद्धकाळापासून ब्रिटनमध्ये सगळ्या कंपन्यांचे पेट्रोल एकत्र करून एकाच हलक्या प्रतीचे विकले जाई, आणि ही व्यवस्था १९५३ पर्यंत टिकली. अमेरिकेतील पेट्रोल अधिक चांगले होते. त्यामुळे इंग्लंडमधील मालकाला जे जपून करावे लागे, ते कॅलिफोर्नियातील तरुण बिनधास्त करी.

पुढचे टप्पे खर्चाचे. हवेचे मार्ग घासून गुळगुळीत करणे, मोठे व्हॉल्व्ह, मोठे कार्बोरेटर, सिलिंडर रुंद करणे, आणि ऐपत असेल तर सुपरचार्जर.

१४/
प्रत्येक वाढीची किंमत दुसरीकडे चुकवावी लागे. ताकद वाढली की उष्णता वाढे आणि रेडिएटर कमी पडे. तो प्रश्न सुटला की बेअरिंगांवर ताण. तेही निभावले तर मागच्या चाकाकडे शक्ती नेणारा हाफ-शाफ्ट तुटे; ५४ अश्वशक्तीसाठी बनवलेल्या दांड्याकडून अधिक अपेक्षा करणे चूकच होते. शिवाय फेरबदल एका मर्यादेपलीकडे गेले की गाडी ‘प्रॉडक्शन’ वर्गातून ‘मॉडिफाइड’ वर्गात ढकलली जाई, आणि तिथे तिची गाठ खास शर्यतीसाठी बांधलेल्या मोटारींशी पडे. किती बदल करायचे नाहीत, हे ठरवणे हाही कौशल्याचाच भाग होता.

१५/
या गॅरेजांतून कोण पुढे आले पाहा. फिल हिल हा सांता मोनिकात वाढलेला मुलगा. विद्यापीठाचे शिक्षण सोडून तो लॉस एंजेलिसच्या ‘इंटरनॅशनल मोटर्स’ या विक्रेत्याकडे मेकॅनिकचा मदतनीस झाला आणि १९४७ मध्ये त्याने टी.सी. घेतली. तिच्यावरच तो शर्यती शिकला. १९४९ मध्ये जॅग्वार कंपनीत प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेला. नोव्हेंबर १९५० मध्ये पेबल बीचची पहिली मोठी शर्यत त्याने जॅग्वार एक्स.के. १२० मधून जिंकली, आणि १९६१ मध्ये फेरारीकडून फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. अमेरिकेत जन्मलेला दुसरा विश्वविजेता आजवर झालेला नाही; मारिओ आंद्रेत्ती जन्माने इटलीचा. निवृत्तीनंतर हिलने काय केले? जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करण्याचे दुकान काढले.

१६/
दुसरे नाव ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ या २०१९ च्या चित्रपटामुळे सर्वांना ठाऊक आहे : केन माइल्स. चित्रपटात न आलेला भाग आधीचा आहे. हा इंग्रज कारागीर १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात आला तो एम.जी.च्या वितरकाकडे सर्व्हिस मॅनेजर म्हणून. दिवसा लोकांच्या एम.जी. दुरुस्त करायच्या आणि रात्री एम.जी.चेच भाग वापरून स्वतःची मोटार बांधायची. १९५३ ची ‘आर-१’ आणि १९५५ ची, बुटकेपणामुळे ‘फ्लाइंग शिंगल’ म्हणून ओळखली गेलेली ‘आर-२’ या त्याच्या मोटारी. दीड लिटरच्या मॉडिफाइड वर्गात त्यांनी कितीतरी महाग, कारखान्यात बांधलेल्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले.

माइल्सला हौशी म्हणायचे काय? बक्षिसाचा पैसा तो घेत नव्हता. पण तो जिंकला की एम.जी. खपे, आणि एम.जी. खपली की त्याचा पगार चाले. क्लबच्या नियमांनी हा प्रश्न सोयीस्करपणे बाजूला ठेवला. खरे तर ज्याला पाना धरता येतो त्याला ‘निव्वळ हौशी’ राहणे परवडणारे नव्हतेच. हौसेला मोल नसते म्हणतात. हातच्या कसबाला असते, आणि कोणी ना कोणी ते द्यायला येतोच.

१७/
स्त्रियांसाठी अनेकदा वेगळी ‘महिलांची शर्यत’ ठेवली जाई. सॅन फ्रान्सिस्कोतील पत्रकार डेनिस मॅक्लगेज यांची सुरुवात एम.जी. टी.सी.वरच झाली, पुढे त्या पुरुषांबरोबर उतरू लागल्या आणि १९६१ मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत फेरारीतून जी.टी. वर्ग जिंकला.

१८/
या खेळाची दुसरी किंमत माणसांनी मोजली. १९५० मध्ये वॉटकिन्स ग्लेनला सॅम कॉलियर हा या क्षेत्रातील जुना, मानाचा चालक ठार झाला. १९५२ मध्ये त्याच गावात एक मोटार गर्दीला घासली आणि सात वर्षांचा मुलगा गेला. प्रेक्षक रस्त्याच्या कडेला बसलेले, मध्ये अडथळा म्हणावा असा काहीच नाही. गावच्या रस्त्यांवरील शर्यत तिथेच संपली.

तेव्हा मदतीला आले जनरल कर्टिस लमे. १९४५ मध्ये टोकियोवर आगीचा वर्षाव करणाऱ्या मोहिमेचे हेच सेनापती. आता ते अण्वस्त्रवाहू विमानदलाचे प्रमुख होते आणि स्वतः ॲलार्ड ही विलायती स्पोर्ट्‌स मोटार बाळगून होते. १९५२ ते १९५४ या काळात त्यांनी आपल्या हवाई तळांच्या धावपट्ट्या क्लबच्या शर्यतींना दिल्या आणि उत्पन्न वायुसैनिकांच्या राहणीमानाच्या सोयींसाठी वापरले. शीतयुद्धाच्या ऐन भरात बॉम्बफेकी विमाने बाजूला लावून तिथे एम.जी. पळत होत्या! संसदेत प्रश्न विचारले जाऊ लागल्यावर हे थांबले.

कॅलिफोर्नियात पेबल बीचचा रस्ता पाइन वृक्षांमधून जाई. एप्रिल १९५६ मध्ये एर्नी मॅकॅफी याची फेरारी झाडावर आदळली आणि तो मरण पावला. तिथली शर्यत बंद झाली. १९५७ मध्ये जवळच लष्करी जमिनीवर लगुना सेका हा बंदिस्त मार्ग तयार झाला.

१९/
बंदिस्त मार्ग आला म्हणजे तिकीट आले आणि तिकीट आले म्हणजे पैशाचा हिशेब आला. १९५८ मध्ये रिव्हरसाइड येथे रोख बक्षिसांची मोठी शर्यत झाली, ती दुसऱ्या संघटनेच्या मान्यतेने. चांगले चालक पैसे असलेल्या बाजूला सरकणार हे उघड होते. १९६३ मध्ये स्पोर्ट्‌स कार क्लबनेच बक्षिसांची व्यावसायिक मालिका सुरू केली. हौशी शर्यती चालूच राहिल्या, आजही चालतात. पण देशातील पहिल्या प्रतीचा चालक हौशीच असला पाहिजे, हा आग्रह तिथे संपला.

२०/
पान्याचा प्रश्नही दरम्यान सुटला होता. महायुद्धात एकमेकांची शस्त्रे दुरुस्त करताना अमेरिका आणि ब्रिटनला आट्यांच्या भिन्नतेचा इतका त्रास झाला की, नोव्हेंबर १९४८ मध्ये या दोन देशांनी कॅनडासह समान प्रमाण स्वीकारले : कोन अमेरिकन, ६० अंशांचा. एम.जी.पर्यंत ते पोहोचायला १९५५ ची एम.जी.ए. यावी लागली. तिच्या इंजिनाला शेजाऱ्याचा साधा अमेरिकन पाना बसला.

टी.सी.वाल्यांना मात्र व्हिटवर्थ संच सांभाळून ठेवावाच लागला. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना कायमचा बंद झाला. कॅलिफोर्नियात मॉस मोटर्सने तोवर एम.जी.चे दुर्मीळ झालेले भाग नव्याने बनवून घ्यायला सुरुवात केली होती. फ्रेंच आट्यांची आणि इंग्रजी डोक्यांची ती इंजिने आजही त्यांवर चालतात.